आजोबांची अटक कुठे लिहिलेली असते? शिरोडा, रेडी, तेरेखोल

ऐकायला सवड नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलण्यातली वळणं थोडी तशीच राहिली आहेत, सांभाळून घ्या.

रेडी म्हटलं की यशवंतगड, द्विभुज गणपती आणि खाणीचा तांबडा धुरळा एवढंच बहुतेकांना आठवतं. आज मला या गावाच्या दोन्ही बाजूंना बघायचं आहे. उत्तरेला शिरोडा, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. दक्षिणेला तेरेखोलचा किल्ला, जो १७४६ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. मधे सगळं मिळून पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. या पट्ट्यात कुठल्याही जुन्या घरी बसलात की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमचो आजो जेलात गेल्लो."

कधी गेला होता? कुठल्या जेलात? किती दिवस? इथे बहुतेकदा बोलणं थांबतं. आणि पुढचा प्रश्न येतो, याचा कागद कुठे मिळेल हो? हा प्रश्न नुसत्या हौसेचा नसतो. या कागदावर पेन्शनी मिळाल्या आहेत, नाकारल्या गेल्या आहेत, आणि त्यापायी भावकीत अबोलेही झाले आहेत.

आधी शिरोड्याचं बघू. मे १९३० मध्ये महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक शिरोड्याच्या मिठागरांवर आले. लाठ्या चालल्या, धरपकड झाली. शिरोडा, रेडी, वेंगुर्ला हा भाग तेव्हा मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली होता, आणि शेजारी सावंतवाडी संस्थान. ही गोष्ट शोधणाऱ्यानं पहिली लक्षात ठेवायची. अटक कुठल्या हद्दीत झाली त्यावर कागद कुणाच्या दप्तरात गेला ते ठरतं. संस्थान १९४८ साली विलीन झालं, सिंधुदुर्ग जिल्हा तर १ मे १९८१ चा. तेव्हा १९३० चा कागद ओरोसला मागायला जाऊ नका. तो असलाच तर रत्नागिरीच्या नाहीतर मुंबईच्या वाटेवर असणार.

दुसरी अडचण अशी की माणूस जिथे पकडला तिथल्याच तुरुंगात राहिला असं नाही. कायदेभंगाच्या काळात तुरुंग ओसंडून वाहत होते. कैदी येरवड्याला, ठाण्याला, नाशिकला पाठवले जात, आणि नगर जिल्ह्यातल्या विसापूरला तर अशाच कैद्यांसाठी तुरुंग चालवला गेला. म्हणजे कोकणातल्या माणसाची नोंद नगरच्या माळरानावर. आणि मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, तसे कित्येक जण शिक्षा पुरी व्हायच्या आतच सुटले. त्यामुळे शिक्षा सुनावली किती आणि भोगली किती या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि पुढे पेन्शनच्या वेळी नेमका हाच फरक आडवा आला.

आता, तुरुंगात आत घेताना लिहीत काय होते? १८९४ च्या तुरुंग कायद्यानं जेलरला काही वह्या ठेवायला लावल्या. दाखल झालेल्या कैद्यांचं रजिस्टर, कोण कधी सुटणार त्याची वही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही, आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची नि वस्तूंची नोंद. शिवाय डॉक्टरची तपासणी : तब्येत कशी आहे, अंगावर जखमा किंवा खुणा काय आहेत, आणि सक्तमजुरी असेल तर कुठल्या प्रकारचं काम झेपेल. मला या सगळ्यात जखमांचा रकाना सर्वांत मोलाचा वाटतो. लाठीमार झाला की नाही यावर सरकार आणि सत्याग्रही कायम वाद घालत. पण कैदी आत आला तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं, हे सरकारच्याच डॉक्टरनं सरकारच्याच वहीत लिहायचं होतं.

त्याच तुरुंगांत आणखी एक गोष्ट लिहिली जायची. जात. आणि जातीवरून काम ठरायचं. संडास-सफाई कुणी करायची हे आधीच ठरलेलं. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना आपण कोकणचे गांधी म्हणतो, ते १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम द्या. तुरुंगवाले नाही म्हणाले, कारण ते ब्राह्मण. अप्पांनी अन्नाचा मुद्दा केला, तेव्हा गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात उपवास सुरू केला, आणि सरकारनं फेरविचाराची तयारी दाखवल्यावर दोनेक दिवसांत सोडला. पुणे करारानंतरच्या मोठ्या उपवासांच्या गर्दीत हा छोटा उपवास हरवून गेला आहे. पण बघा, भांडण होतं रजिस्टरमधल्या एका रकान्याशी.

आणि तो रकाना गेला कधी? मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातीवरच्या कामवाटपाविषयी लिहिलं, मग याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कच्च्या आणि पक्क्या कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका. अप्पांच्या मागणीनंतर ब्याण्णव वर्षांनी.

चला, रेडी ओलांडून दक्षिणेला जाऊ. तेरेखोलची गंमत अशी की गाव गोव्याचं, पण नदीच्या अलीकडे. उरलेला गोवा नदीपलीकडे केरीला, आणि रेडीहून मात्र चालत जाता येतं. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांची तुकडी या किल्ल्यावर गेली, तिरंगा लावला, आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना धरलं. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर अशा तीन तुकड्या वेगवेगळ्या ठिकाणांहून शिरल्या होत्या.

इथून पुढे कागदाची भाषाच बदलते. पोर्तुगीज राजवटीत राजकीय कैद्यांवर लष्करी न्यायालयात खटले चालत, शिक्षा दणदणीत असत आणि मुक्काम बहुधा आग्वादला. नानासाहेब गोरे मे १९५५ मध्ये शिरले, त्यांना दहा वर्षं सुनावली. मधु लिमयेंना बारा. दोघेही १९५७ साली सुटले. हे मोठे लोक, त्यांचं सगळं छापून आलेलं आहे. पण साध्या स्वयंसेवकाचं काय?

१५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही हद्दीवर गेले. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. उरलेल्या बहुतेकांना पोर्तुगीज पोलिसांनी बेदम मारलं आणि परत हद्दीबाहेर आणून टाकलं. तुरुंगात घेतलंच नाही. म्हणजे डोकं फुटलं, हात मोडला, पण रजिस्टरात नाव नाही. मारून सोडून देणं सरकारला स्वस्त पडतं. खटला नाही, खाणंपिणं नाही आणि वहीत ओळसुद्धा नाही.

केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ ला सुरू झाली, तेव्हा अट होती किमान सहा महिने तुरुंगवासाची, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना ती पुढे तीन महिन्यांवर आणली. वेगवेगळ्या वेळचे तुकडे एकत्र धरता येत, शिक्षा झाली असेल तर त्याआधीची कच्ची कैदही मोजली जाई. पुरावा म्हणून तुरुंगाचा किंवा जिल्हाधिकाऱ्याचा दाखला. रेकॉर्डच उरलेलं नसेल तर तसं सरकारनं लिहून द्यायचं आणि मग बरोबरच्या कैद्यांचे दाखले चालायचे. हद्दीवर मार खाऊन परतलेला माणूस या चाळणीतून सरळ खाली पडतो. म्हणून पुढे गोवा मुक्तीच्या १९५४-५५ च्या टप्प्यासाठी अट शिथिल करावी लागली.

कागद मागणं जाचक वाटतं खरं. पण उलट बाजूही आहे. बीड जिल्ह्यात भूमिगत होतो असं सांगून, एकमेकांच्या प्रतिज्ञापत्रांवर, कित्येकांनी पेन्शन मिळवली. न्यायमूर्ती पालकर यांनी चौकशी केली आणि प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा प्रत्येक बनावट दाखल्यानंतर खऱ्या म्हाताऱ्याकडे कारकून जास्त संशयानं बघतो.

बरं, शोधायचं कसं? इंग्रजी अमलातल्या अटकेसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, तिथल्या गृह खात्याच्या 'स्पेशल' फायली. गोव्यासाठी पणजीचं पुराभिलेख संचालनालय, ज्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कोतु १५९५ साली नेमला गेला. तिथे जायच्या आधी डॉ. पी. पी. शिरोडकरांनी संपादित केलेले गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या परिचयाचे दोन खंड चाळा, बराच वेळ वाचेल. आणि पोर्तुगीज गुप्त पोलिसांचं, म्हणजे पिडेचं दप्तर लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु अभिलेखागारात आहे, १९९४ पासून वाचकांना खुलं.

नाव मात्र जपून शोधा. पोर्तुगीज कारकून 'क' साठी 'सी' लिहितो, 'श' साठी बहुधा 'एक्स', आणि अनुस्वाराच्या जागी 'एम' ठोकतो. काकोडकर 'सी' खाली सापडतील, 'के' खाली नाही. मोहन रानड्यांचं मूळ नाव तर मनोहर आपटे. सांगलीचे, गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून आलेले. बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात १९५५ साली सापडले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, पोर्तुगालला नेले आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी तिथेच, १९६९ मध्ये सुटले. आपट्यांच्या वंशावळीत बसून शोधलंत तर तुरुंगाची नोंद हाती लागणार नाही.

शेवटी आजचं थोडं, कारण हा प्रश्न फक्त आजोबांचा नाही. रात्री कुणाला उचलून नेलं तर घरच्यांना कसं कळावं? १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यातून १९९६ चा निकाल आला : अटकेचा मेमो करा, नातेवाइकाला कळवा, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात फलकावर लावा. पुढे ते कायद्यात आलं, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप दिसेल असं लावायचं आहे, त्यासाठी एक अधिकारी नेमायचा आहे. अमेरिकेत काउंटीचा शेरीफ कैद्याचा फोटोच जगापुढे टाकतो आणि निर्दोष सुटलेल्याच्याही मागे तो फोटो लागतो. आपला फलक मुळात निघाला तो माणूस कोठडीत गायब होऊ नये म्हणून. तो वाचताना आपणही एवढं भान ठेवायला हवं, नाव लागलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही.

तेव्हा गरज पडलीच तर असं करा. आधी ठाण्यात जाऊन फलक बघा आणि ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीतली नोंद विचारा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून अटक आरोपी आणि एफआयआर बघता येतात. लैंगिक गुन्ह्यांसारखी प्रकरणं तिथे नसतात, आणि अल्पवयीन मुलाचं नाव तर कुठेच उघड करता येत नाही. चोवीस तासांत माणूस दंडाधिकाऱ्यापुढे उभा केलाच पाहिजे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या कोर्टात चौकशी करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. आणि कुणीच दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. एरवी तीस दिवसांची मुदत असते, पण माहिती कुणाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर अठ्ठेचाळीस तासांची. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ते स्पष्ट लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.