शुक्राचे उलटे परिवलन आणि ‘वक्री’ ही संज्ञा

पंचांगात ‘शुक्र वक्री’ अशी नोंद येते, तेव्हा तिचा ग्रहाच्या स्वतःभोवती फिरण्याशी काहीही संबंध नसतो. पृथ्वी व शुक्र यांच्या कक्षागतींतील फरकामुळे शुक्र काही आठवडे नक्षत्रांमधून मागे सरकताना दिसतो; हे वक्रत्व केवळ दृश्य आहे. शुक्र स्वतःभोवती खरोखरच उलट, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, फिरतो ही गोष्ट निराळी होय. ती कळावयास दुर्बिणीच्या शोधानंतरही सुमारे साडेतीन शतके जावी लागली.

इ. स. १६६६-६७ मध्ये कासिनीने शुक्रबिंबावरील अंधुक डागांवरून परिवलनकाल सुमारे २३ तासांचा ठरविला. अठराव्या शतकात बियांकीनीने तो २४ दिवसांहून थोडा अधिक मानला. १८९० मध्ये स्क्यापारेल्लीने, शुक्राची एकच बाजू सदैव सूर्याकडे असते असे समजून, २२५ दिवसांचा आकडा पुढे केला. तिघेही कसलेले निरीक्षक होते. परंतु दाट ढगांमुळे शुक्राचा पृष्ठभाग त्यांच्यापैकी एकालाही दिसलेला नव्हता. कासिनीचा आकडा दीर्घकाळ टिकला, यात निरीक्षणापेक्षा पृथ्वीशी साम्य शोधण्याच्या सवयीचा वाटा मोठा असावा. विशेष हे की, वाद झाला तो कालाविषयी. दिशा मात्र बहुधा गृहीतच धरली गेली. वास्तविक हर्शेलने १७८७ मध्ये शोधलेल्या युरेनसच्या उपग्रहांच्या कक्षा जवळजवळ उभ्या असल्याचे पुढे दिसून आले होते, आणि सर्व ग्रह एकाच तऱ्हेने फिरत असतील या विश्वासाला तेवढा इशारा पुरेसा होता.

१९५७ मध्ये शार्ल बोयेर या हौशी फ्रेंच निरीक्षकाने ब्राझाव्हिल येथे शुक्राची अतिनील किरणांत छायाचित्रे घेतली. त्यांवरून वरचे ढग सुमारे चार दिवसांत उलट दिशेने फेरी पुरी करतात, असे अनुमान निघाले. त्यास निर्णायक पुष्टी मिळाली ती १९७४ मध्ये, मरिनर १० या यानाकडून. तथापि ही गती वातावरणाची होती, ग्रहाची नव्हे.

ग्रहाच्या गतीचा उलगडा रडारने केला. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथून गोल्डस्टाइन व कार्पेंटर यांनी शुक्राकडे एकाच कंपनसंख्येच्या लहरी सोडल्या. फिरत्या गोलाची एक कड निरीक्षकाकडे येते व दुसरी दूर जाते, म्हणून परतलेल्या लहरींची कंपनसंख्या थोडी पसरते. हा पसारा पृथ्वी व शुक्र परस्परांच्या अगदी निकट असताना सर्वांत कमी आढळला. परिवलन सुलट असते, तर तो त्याच वेळी वाढावयास हवा होता. त्यांनी काढलेला काल सुमारे २४० दिवसांचा होता. आज तो २४३ दिवस मानतात. शुक्राचे वर्ष २२५ दिवसांचे असल्याने त्याचे परिवलन वर्षाहूनही दीर्घ ठरते.

मराठीत या गतीस काय म्हणावे? ‘वक्री’ शब्द पंचांगाने अडविला आहे, ‘प्रतिगामी’ राजकारणाने. ‘विलोम परिवलन’ त्यातल्या त्यात निःसंदिग्ध वाटते. पहिल्या दोन अर्थांची गल्लत किती सहज होऊ शकते, हे त्या निरीक्षणांच्या काळावरूनच दिसते: नोव्हेंबर १९६२ मध्ये गोल्डस्टोनचे रडार विलोम परिवलन मोजत होते, त्या वेळी शुक्र पंचांगाच्या अर्थानेही वक्रीच होता.