‘केसरी’चा पहिला संपादक

४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात ‘केसरी’ निघाला, तेव्हा त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर अवघे २४ वर्षांचे होते. ‘मराठा’ सांभाळणारे सहसंस्थापक टिळकही त्याच वयाचे.

दीडच वर्षात कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीचा खटला उभा राहिला. ज्यांवर विसंबून मजकूर छापला होता, ती पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही दोघांना शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले.

पाठ्यपुस्तके पुढचे भांडण ‘आधी सामाजिक की आधी राजकीय’ एवढ्यावरच आटोपतात. माझ्या मते पत्राचे मत कोणाचे, संपादकाचे की संस्थापक मंडळींचे, हा पेचही तितकाच खरा होता. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि वर्षभरात ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू २२ वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले लिहीत.