जॉन ॲडम नावाचा बाहुला

१ फेब्रुवारी २००५. इराकमधल्या एका सशस्त्र गटाच्या नावाने इंटरनेटवर एक फोटो आला. लष्करी वेशातला एक अमेरिकी सैनिक जमिनीवर बसलेला, डोक्याकडे रोखलेली बंदूक, मागे काळा फलक. सोबत धमकी: याचं नाव जॉन ॲडम, ७२ तासांत आमचे कैदी सोडा, नाहीतर याचा शिरच्छेद करू. बातमी जगभर गेली.

अमेरिकी लष्कराने सांगितलं, आमचा कुणीच बेपत्ता नाही. मग कॅलिफोर्नियातली ‘ड्रॅगन मॉडेल्स यूएसए’ ही खेळण्यांची कंपनी पुढे आली. फोटोतला माणूस आमच्या ‘स्पेशल ऑप्स कोडी’सारखा दिसतोय, असं तिचं म्हणणं होतं. कोडी म्हणजे फूटभर उंचीचा प्लास्टिकचा बाहुला. तो कुवेतमधल्या अमेरिकी लष्करी तळांवर विकलाही जात होता.

ही गोष्ट ऐकून हसू येतं. पण क्षणभर जग फसलं, हेही खरं. एखादा बाहुला इतका हुबेहूब कसा झाला, आणि तो तसा कुणाला हवा होता? त्यासाठी चार दशकं मागे जावं लागतं.

१९५९ मध्ये मॅटेल कंपनीने बार्बी आणली. कमाई नुसत्या बाहुलीत नव्हती. एकदा बाहुली घेतली की कपडे, पर्स, चपला घेणं आलंच. १९६३ मध्ये स्टॅन वेस्टन हा एजंट हॅसब्रो कंपनीकडे एक कल्पना घेऊन गेला: हेच गणित मुलग्यांसाठी, सैनिकाच्या रूपात. हॅसब्रोच्या डॉन लेव्हिनला ती पटली. तो स्वतः कोरियाच्या युद्धात सैन्यात होता. चित्रकार वापरतात तशा सांध्यांत वळणाऱ्या लाकडी पुतळ्यावरून त्याला शरीररचना सुचली. १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ बाजारात आला. उंची साधारण फूटभर, हलणारे भाग २१, आणि रूपं चार: सैनिक, खलाशी, मरीन, वैमानिक.

अडचण एका शब्दाची होती. मुलगा बाहुली खेळतो, हे तेव्हाच्या अमेरिकी बापाला पचणारं नव्हतं. आपल्याकडे भातुकलीत रमणाऱ्या मुलाला जे ऐकावं लागतं, तेच तिथेही. म्हणून कंपनीत ‘डॉल’ हा शब्द वर्ज्य झाला आणि नवा शब्द घडवला गेला: ‘ॲक्शन फिगर’. आज आपण तो सहज वापरतो, पण त्याचा जन्म त्या संकोचातून झालाय. गंमत म्हणजे आयात शुल्काच्या वादात १९८९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की जी. आय. जो कायद्याच्या दृष्टीने बाहुलाच आहे.

जोच्या उजव्या गालावर एक व्रण होता. त्यामागे कुठल्या लढाईची कथा नव्हती, नक्कल करणाऱ्यांना पकडता यावं म्हणून तो दिला होता. पहिल्या वर्षांत त्याच्यासोबत स्ट्रेचर आणि पट्ट्याही मिळत. जखम मात्र मुलाने स्वतः कल्पायची.

जो बाजारात आला त्या वर्षअखेरीस व्हिएतनाममध्ये सुमारे २३ हजार अमेरिकी सैनिक होते. १९६९ मध्ये ते पाच लाख चाळीस हजारांवर गेले. रोज टीव्हीवर खरं युद्ध दिसू लागलं, शवपेट्या घरी येऊ लागल्या. सैनिक बाहुला विकत घेताना आईवडिलांचा हात आखडू लागला. मग १९७० च्या सुमारास कंपनीने जोचा गणवेश उतरवला आणि त्याला खजिने शोधणारा, जंगली श्वापदांशी झुंजणारा साहसवीर केलं. तेलाच्या टंचाईनंतर प्लास्टिक महागलं, आणि त्या दशकातच मोठा जो बंद पडला. १९८२ मध्ये तो परतला, तेव्हा उंची पावणेचार इंचांवर आली होती. फनस्कूलने भारतात विकला तो हाच छोटा जो. तुमच्या एखाद्या दादाच्या कपाटात तो अजून सापडेल.

लहानपणी जो खेळलेली मुलं मोठी झाली, कमावू लागली. त्यांना आता खेळायचं नव्हतं, जमवायचं होतं. १९९९ च्या सुमारास हाँगकाँगच्या ड्रॅगनने फूटभर उंचीचे अचूक सैनिक काढले. लवकरच ‘हॉट टॉइज’नेही सैनिकी पुतळ्यांपासूनच सुरुवात केली. शिवण, बकल, बिल्ला, सगळं एकास सहा या प्रमाणात. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या साध्या पायदळ सैनिकाला चार खिशांचं ‘एम-१९४३’ जॅकेट घातलं, तर जाणकार लगेच हटकतो, कारण ते सरसकट वाटलं गेलं त्यानंतरच.

हे ज्ञान खोटं नाही. खिशांवरून महिना ओळखणारा माणूस इतिहासाची पुस्तकं चाळून, जुने फोटो भिंगाखाली धरून तिथवर पोचलेला असतो. पण हा छंद एका जागी अडतो. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैनिक या संग्रहांत फार लोकप्रिय आहेत, एसएसचेही. कॉलरवरचं चिन्ह अचूक, हेल्मेटचा रंग अचूक. पण ते चिन्ह लावलेल्या माणसांनी गावोगाव काय केलं, ते खोक्यात येत नाही. अचूकपणा वस्तूंपाशी थांबतो. आणि वस्तू इतक्या नेमक्या असल्या, की सगळंच खरं आहे असं वाटू लागतं.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आठवा. नाक पुसट, मिशी ब्रशच्या एका फटकाऱ्याची, तलवार अर्धी मोडलेली. त्याला कुणी शिवकाळाचा पुरावा मानणार नाही. त्याच्याकडे बघून पोरांना गोष्ट स्वतः रचावी किंवा आजोबांना विचारावी लागते. हुबेहूब पुतळा हा प्रश्न पडूच देत नाही. त्यामुळे संग्रह करणाऱ्याने तो मुद्दाम पाडून घ्यायला हवा: हा गणवेश घालणारा कोण होता, कुणावर चालून गेला, आणि घरी परतला का?

कोडीचा गणवेश पाहून बघणारे फसले. खोटेपणा उघड व्हायला सुरुवात झाली ती हजेरीपटावरून. जॉन ॲडम नावाचा कुणी कुठल्याच तुकडीतून हरवला नव्हता. खऱ्या सैनिकाचं नाव त्या यादीत असतं, आणि तो परतला नाही तर कुणाच्या तरी घरी निरोप जातो.