फुसका बार आणि तांब्याची टोपी

मी दिवसभर कोड लिहितो. सहा वेळा नीट चालून सातव्यांदा पडणारा कोड मला सगळ्यात जास्त छळतो. आजची गोष्ट अशाच एका बिघाडाची.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची. पण पेटवायची कशी? चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटायची. त्या ठिणगीने बाहेरच्या वाटीतली रंजक, म्हणजे बारीक दारू, पेटायची आणि आग भोकातून आत जायची. पाऊस आला की बार फुसका!

स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांची तक्रार वेगळीच. वाटीतला भडका दिसला की पक्षी उडून जायचे! मग त्यांनी ठोका बसताच पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे तेच रसायन तांब्याच्या छोट्या टोपीत आलं. टोपी बसवा, चाप ओढा, बस्स.

१८३४ मध्ये ब्रिटिश लष्कराने दोन्हींची चाचणी घेतली. प्रत्येकी ६,००० बार. चकमक ९२२ वेळा फसली, टोपी फक्त ३६ वेळा.

तरी बदल सावकाशच झाला. मे १८४१, पहिलं अफू युद्ध, चीनमधलं कँटन. मुसळधार पावसात मद्रासच्या देशी पलटणीची एक तुकडी बाकीच्यांपासून तुटली. हातात चकमकीच्याच बंदुका. बार होईना, म्हणून संगिनींवर निभावलं. शेवटी त्यांना सोडवायला आले ते टोपीच्या बंदुका असलेले मरीन सैनिक.

चाचणीचे आकडे सात वर्षं आधीच हातात होते. त्या शिपायांपर्यंत अपडेट तेवढं पोचलं नव्हतं.