खाजकुइली : ओळख, लागवड आणि काढणी

स्थानिक नावे : खाजकुइली, कुयली, कुहिली
संस्कृत नाव : कपिकच्छू, आत्मगुप्ता
व्यापारी नाव : कौंच बीज
शास्त्रीय नाव : म्युकुना प्रुरिएन्स (शेंगवर्गीय कुळ)

मुरबाड, शहापूर आणि कल्याणच्या ग्रामीण भागात पावसाळ्यात झाडाझुडपांवर व कुंपणावर ही वेल चढते. पान तीन पर्णिकांचे, फुले जांभळी व लोंबत्या घोसात, शेंग इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते. शेंगेवरील तपकिरी कुसांमुळे तीव्र खाज सुटते. बियांतील एल-डोपा हा घटक कंपवाताच्या औषधात वापरतात, म्हणून बियांना मागणी असते.

बियाणे
जंगली वेलीचे बी पेरल्यास पिकालाही खाज राहते आणि काढणीला मजूर मिळत नाहीत. त्यामुळे युटिलिस या बिनखाजेच्या प्रकाराचे खात्रीचे बियाणे घ्यावे. काळे बी हवे की पांढरे, हे खरेदीदाराला आधीच विचारावे. बियाण्याच्या प्लॉटजवळ जंगली वेल ठेवू नये.

जमीन
निचऱ्याची वरकस जमीन किंवा भातखाचराचे रुंद बांध चालतात. पाणी साचणाऱ्या खाचरात रोपे कुजतात.

लागवड
पहिल्या चांगल्या पावसानंतर, जून-जुलैमध्ये ३ × ३ फुटांवर खड्डे घेऊन शेणखत घालावे. एकरी सुमारे ४,८०० खड्डे बसतात. बी रात्रभर भिजवून, रायझोबियम लावून प्रत्येक खड्ड्यात दोन बिया टोकाव्यात. उगवणीनंतर एक जोमदार रोप ठेवावे. मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणून युरियाचा मारा टाळावा.

आधार
बांबू, तारेचा मांडव किंवा कुंपण द्यावे. जमिनीवर पसरलेल्या वेलीच्या शेंगा ओलाव्याने खराब होतात. आंबा-काजूच्या कोवळ्या कलमांवर वेल चढू देऊ नये. ती कलम झाकून टाकते.

काढणी
शेंगा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत पक्व होतात. तडकण्यापूर्वी टप्प्याटप्प्याने तोडाव्यात, उन्हात वाळवून मळणी करावी. बी पूर्ण वाळल्यावरच साठवावे, नाहीतर बुरशी व भुंगा लागतो.

खबरदारी
- जंगली शेंगा तोडताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व चष्मा वापरावा. वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे.
- कुसे लागल्यास चोळू नये. चिकटपट्टीने काढून मग धुवावे. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.
- कच्चे बी खाऊ नये. मळमळ व उलट्या होतात. कंपवाताचे रुग्ण व गरोदर महिलांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

विक्री
कौंच बीज केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या गौण वनोपज यादीत आहे. ही योजना वनातून गोळा केलेल्या मालासाठी आहे. शेतातील मालाला औषधी वनस्पतींचा व्यापारी किंवा औषध कारखाना शोधावा लागतो. म्हणून खरेदीदार व भाव ठरल्यानंतरच लागवड करावी. पहिल्या वर्षी फक्त बांधावर करून पाहावी.