लक्ष्मी रस्ता : गजापासून मीटरपर्यंत

पुण्याच्या व्यापारी जीवनात लक्ष्मी रस्त्याचे स्थान मोलाचे आहे. रविवार पेठेतील कापडगंजाच्या घाऊक पेढ्या, तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई ही सर्व जवळच. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी गावोगावची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या येथे येत आली आहेत. या रस्त्यावर आयुष्य गेलेल्या एका कापड व्यापाऱ्याच्या या चार आठवणी.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली व १९४३ साली सरकारने त्यावर नियंत्रण आणले. गिरणीच्या कापडावर कमाल किंमत छापली जाऊ लागली. भाव सरकारच्या हाती गेला. व्यापाऱ्याच्या हाती उरले ते माप.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. आमचे दुकान तेव्हा रस्त्याच्या नदीकडील टोकास होते. तागे चिखलात गेले, उधारीच्या खातेवहीची शाई पसरून एक आकडा वाचता येईना. वडील सांगत असत, की दिवाळीपर्यंत कित्येक गिऱ्हाइकांनी आपण होऊन बाकी सांगितली आणि फेडली. ज्यांची घरेच गेली होती, त्यांच्याकडे वडिलांनी कधी मागितले नाही.

त्याच सुमारास दशमान पद्धती आली. १९५६ च्या कायद्यानुसार १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने गज जाऊन मीटर आला. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. मीटरचा भाव घेऊन वाराने कापड फाडले, तर गिऱ्हाइकाचे मीटरमागे साडेआठ सेंटिमीटर नुकसान. आणि हा फरक जाणणारे थोडेच होते. वडिलांनी गज व मीटर शेजारी शेजारी टांगून ठेवले. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, हे ते प्रत्येकीस मोजून दाखवीत. "वही नसताना ज्यांनी पैसे आणून दिले, त्यांना मापात फसवायचे?" असे ते म्हणत.

१९८२ साली मी बी.कॉम. होऊन गादीवर बसलो. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. माल मिळणे कठीण झाले होते. एके दिवशी मी पॉपलीन ताणून मोजले. वडिलांनी पाहिले. त्यांनी बाईंना रस्त्यावरून परत बोलावले, पाव मीटर अधिक फाडून दिले, आणि मला एक शब्दही बोलले नाहीत. तो मौनाचा धडा मी आजवर विसरलो नाही.

पुढे भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांचा माल वाढला. २०१७ मध्ये जीएसटी आला, २०२४ मध्ये मंडईपर्यंत भुयारी मेट्रो आली. आज तयार कपडे व घरपोच खरेदीमुळे मीटर हाती धरण्याचे प्रसंगही कमी झाले आहेत. माझा मुलगा संगणकावर बिल करतो. काळानुसार हे योग्यच आहे. मात्र गज बदलला तरी हात बदलू नये. मापात पाप नसणे, हेच या रस्त्याचे खरे भांडवल होय. नव्या पिढीने ते जपावे, एवढीच अपेक्षा.