हौसेला मोल नाही, पण जागा तरी हवी ना!

जुहूच्या विमानतळाशेजारून आपण कितीदा तरी जातो. आत दिसतात ती बहुतेक हेलिकॉप्टरं. पण या मैदानाची सुरुवात हौशी लोकांनी गाजवली, हे आज किती जणांना माहीत आहे?

१९२८ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. दोन पंखांची, उघड्या बैठकीची 'मॉथ' विमानं, शिकवायला एक प्रशिक्षक आणि खाली मातीचं मैदान, एवढाच संसार. १० फेब्रुवारी १९२९ ला २४ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. तेव्हा ते शिकले ते नोकरीसाठी नाही, निव्वळ हौस म्हणून.

त्याच वर्षी आगाखानांनी बक्षीस लावलं: भारत-इंग्लंड प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकिरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून बसला होता. जेआरडींनी आपल्याकडचा दिला, आणि थोडक्या फरकाने शर्यत हरले! तोच अस्पी १९६० साली हवाई दलाचा प्रमुख झाला.

जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरवलं. त्यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. असे ते दिवस.

आज खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान ४० तास उड्डाण लागतं. त्यावर पैसे कमावता येत नाहीत, म्हणजे सगळा खर्च खिशातला. इंजिनाशिवाय उडायचं तर हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे, कामशेतच्या डोंगरावर पॅराग्लायडिंग आहे. पण शहरं वाढतात तशी मोकळी मैदानं आणि मोकळं आकाश दोन्ही आक्रसतं.

"श्रीमंतांचे चोचले" म्हणून हा विषय उडवून लावणं सोपं आहे. पण देशाची विमानसेवा आणि एक हवाई दलप्रमुख याच हौसेतून आले. पोरांना आकाशाची गोडी लागायची असेल, तर एखादी धावपट्टी हौशी लोकांसाठी राखायला नको का? तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.